आवळायचं नाही, सोडायचं

लघवीचा रिपोर्ट नॉर्मल आला की घरातले निर्धास्त होतात. बाईचं दुखणं मात्र तिथंच असतं, आणि ते खरं आहे हे दाखवायला आता तिच्याकडे कागदही उरत नाही. मी कोल्हापुरात पेल्व्हिक फिजिओथेरपी करते, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी जे स्नायू असतात त्यांच्यावरचे उपचार. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणींच्या हातात जाडजूड फाईल असते, आतले सगळे रिपोर्ट चांगले असतात, आणि चेहऱ्यावर आपलंच काहीतरी चुकतंय असा भाव असतो.

हुपरीच्या वहिनी अशाच आल्या. त्यांना विचारूनच हे लिहितेय, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. वय चाळिशीच्या आसपास. घरी बसून चांदीच्या पैंजणांना घुंगरं जोडायचं काम. हुपरीत हे काम घरोघरी चालतं. सकाळी मांडी घालून बसायचं, मान खाली, आणि सणाच्या तोंडावर माल द्यायचा असला की हातातलं संपेपर्यंत उठायचंच नाही. लघवी लागली तरी दाबून धरायची. वर्षानुवर्षं.

आता उलटं झालं होतं. अर्ध्या-अर्ध्या तासाला जावं लागत होतं, रात्री चार-पाच वेळा उठणं, ओटीपोटात कळ, आणि लघवी करून आल्यावरही झाली नाही असंच वाटत राहायचं.

"बसलो की कळ येत्या, उभा राहिलो की जरा बरं वाटतंय," त्या म्हणाल्या. "सगळी म्हणत्यात मनाचं हाय. मनाचं असतं तर मी मनाला समजावलं नसतं व्हय, मॅडम?"

फाईल चाळली. पस सेल्स नाहीत, कल्चरमध्ये काही वाढलेलं नाही, सोनोग्राफी स्वच्छ. तरी अँटिबायोटिकचे कोर्स झालेले, एकामागून एक. युरोलॉजिस्टनी दुर्बिणीतून तपासलं होतं आणि टीबीच्या चाचण्याही करून घेतल्या होत्या, ते वाचून मला बरं वाटलं. आपल्याकडे लघवीचा त्रास लांबला तर टीबी, खडा आणि गाठ हे आधी बाजूला काढलंच पाहिजे. लघवीतून रक्त जात असेल तर माझ्याकडे येण्याआधी युरोलॉजिस्टकडे जा, असं मी फोनवरच सांगते. वहिनींच्या कागदावर शेवटी निदान होतं ब्लॅडर पेन सिंड्रोम, म्हणजे जंतुसंसर्ग नसतानाही मूत्राशयात राहणारं दुखणं. इंटरस्टिशियल सिस्टायटिस हे त्याचं जुनं नाव. 1915 मध्ये गाय हनर या अमेरिकन डॉक्टरांनी मूत्राशयाच्या आतल्या विशिष्ट व्रणांचं वर्णन केलं, ते व्रण आजही त्यांच्या नावानं ओळखले जातात. पण बहुतेक रुग्णांत तसे व्रण दिसत नाहीत. वहिनींनाही नव्हते.

मधल्या काळात एका ठिकाणी त्यांना गर्भाशयाची पिशवी काढून टाका म्हणून सांगितलं होतं. तारीखसुद्धा ठरली होती. जाऊबाईंनी अडवलं म्हणून राहिलं.

तपासणी कशी होणार ते मी आधी नीट समजावते. आतून, एका बोटानं, हातमोजा घालून. सोबत आमची मदतनीस असते, आणि तुम्ही थांबा म्हटलं की मी थांबते. हे सांगायला वेळ लागतो. तो मी कधीच वाचवत नाही, कारण यातल्या कित्येक जणींना याआधी कुणी विचारून हात लावलेला नसतो. वहिनींनी पदर तोंडावर घेतला आणि म्हणाल्या, "बघा तुम्ही. आता लाज धरून काय करू?"

बाहेरूनच कल्पना आली होती. पोट आत ओढलेलं, मांड्यांच्या आतल्या बाजूचे स्नायू ताठ, श्वास वर छातीत. ओटीपोटावरची कातडी चिमटीत धरली तरी दुखत होती. आतून तपासताना मी म्हटलं, "वहिनी, लघवी थांबवताना आवळता तसं आवळा." जेमतेम हललं. एवढ्यावर कुणीही म्हणेल स्नायू अशक्त आहेत. मग म्हटलं, "आता सोडा." काहीच सुटलं नाही. मूठ आधीच घट्ट मिटलेली असेल तर आणखी काय मिटणार? ही ताकद कमी असल्याची खूण नव्हती. तो स्नायू दिवसरात्र आवळलेलाच होता.

मग उजव्या कडेला गेले. तिथं ऑब्च्युरेटर इंटर्नस नावाचा स्नायू असतो. तो खुब्याचा, पण ओटीपोटाच्या आतल्या भिंतीला लागून. गुडघा माझ्या हाताविरुद्ध बाहेर ढकलायला सांगितला की तो बोटाखाली फुगतो, म्हणजे जागा चुकत नाही. त्यात एक दोरीसारखी ताठ पट्टी लागली. तिच्यावर हलका दाब दिला.

वहिनी ओरडल्याच. "हितंच! ह्योच त्यो! ह्येच दुखतंय मला!" आणि लगेच, "मॅडम, लघवीला लागली बघा."

पाच मिनिटांपूर्वीच त्या जाऊन आल्या होत्या. मूत्राशय रिकामं होतं.

दाब तसाच धरून ठेवला आणि त्यांना श्वास पोटात घ्यायला सांगितलं. साधारण दीड मिनिटात बोटाखालची पट्टी थोडी मऊ पडली, आणि लागलेली लघवी गेली. पदराआड त्या रडत होत्या. मी विचारलं, फार दुखलं का? मान हलवली, नाही. "एवढी वर्सं म्या सांगतोय तिथं कुणाचं बोट पोचलं न्हाई," त्या म्हणाल्या.

पेल्व्हिक फ्लोअरचे स्नायू मूत्राशयाला खालून झोळीसारखे धरून असतात. त्यांतल्या ट्रिगर पॉइंटची, म्हणजे अशा ताठलेल्या दुखऱ्या जागेची, कळ थेट मूत्राशयात जाणवते, घाईची लघवीही लागते. दुखलं की बाई आणखी आवळते, आवळलं की आणखी दुखतं. वहिनींच्या बाबतीत या फेऱ्यात भर पडली होती ती व्यायामाची. मोबाईलवर पाहून त्या रोज केगल करत होत्या, आणि गावातल्या योगवर्गात मूलबंध आणि अश्विनी मुद्रा. दोन्हींत तेच, आवळा आणि धरून ठेवा. त्रास वाढला की त्या आणखी मन लावून करायच्या.

मला याचं फार वाईट वाटतं. डॉ. आर्नल्ड केगल यांनी 1948 मध्ये मांडलेला व्यायाम बाळंतपणानंतर सैल झालेल्या स्नायूंसाठी होता, आणि त्यासाठी तो आजही उत्तम आहे. मूलबंधालाही माझा विरोध नाही. पण दुखणाऱ्या, आकसलेल्या स्नायूला तेच देणं म्हणजे दुखण्याला खतपाणी घालणं. अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांतही या रुग्णांना बळकटीचे असे व्यायाम टाळा, असं स्पष्ट लिहिलंय. तपासल्याशिवाय सरसकट "केगल करा" म्हणून चिठ्ठी देऊ नये, हे मी भेटेल त्या डॉक्टरांना सांगते.

बाहेर वहिनींचे यजमान, भाऊजी, बसले होते. त्यांना आत बोलावून सगळं समजावलं. त्यांनी सरळ विचारलं, "म्हणजे मालिशच न्हवं? मग गावातली मालिशवाली करंल की."

प्रश्न रास्त होता. उत्तर अमेरिकेतल्या काही केंद्रांनी नेमकं हेच तपासून 2012 मध्ये निष्कर्ष छापले. याच आजाराच्या 81 बायका होत्या. काहींना अंगभर मालिश, काहींना आतल्या-बाहेरच्या या ठरावीक स्नायूंवर उपचार. मालिश झालेल्यांत 26 टक्क्यांना फरक पडला, दुसऱ्या गटात 59 टक्क्यांना. हे आकडे सांगितले आणि पुढचंही सांगितलं, की 59 म्हणजे 100 नव्हे. भाऊजी थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "आठवड्यातनं एकदा आणतो."

आणलं त्यांनी, न चुकता.

उपचारात दिपवणारं काहीच नसतं. ट्रिगर पॉइंटवर दाब, ओटीपोटाची कातडी सैल करणं, मांड्या मोकळ्या करणं. घरी करायला बालासन, सुप्त बद्धकोनासन आणि पोटातला श्वास. श्वास आत घेताना हे स्नायू आपसूक खाली उतरतात, तेच त्यांना परत शिकवायचं. घोट्याच्या आतल्या बाजूला टेन्सचे, म्हणजे कातडीवरून सौम्य वीज देणाऱ्या यंत्राचे, पॅड लावायचे, कारण तिथून जाणारी टिबियल नर्व्ह आणि मूत्राशयाच्या नर्व्ह मणक्यातून जवळपास एकाच ठिकाणाहून निघतात. ॲक्युपंक्चरमध्येही तिथं सुई टोचतात. त्याचे पुरावे अजून तोकडे आहेत, पण शिकलेल्या माणसाकडे जाऊन कुणाला बरं वाटत असेल तर मी अडवत नाही. पुडीत बांधून मिळणारी, नाव-गाव नसलेली भस्मं मात्र बंद करायला लावते. वैद्यांचं औषध चालू असेल तर ते आम्हालाही सांगा आणि युरोलॉजिस्टनाही, लपवू नका.

खाण्याचं अवघड होतं. मूत्राशय चिडलेलं असताना चहा, लिंबू, टोमॅटो, तिखट आणि सोडा अनेकींना बाधतात. सगळ्यांना सगळंच बाधतं असं नाही. म्हणून काही आठवडे सगळं बंद, मग एकेक परत सुरू करून बघायचं. वहिनींना चहा आणि टोमॅटो नडले. कांदा-लसूण मसाला बेतानं चालला. तांबडा रस्सा सोसला नाही, पांढरा सोसला. त्या दिवशी त्या हे सांगताना खरोखर हसत होत्या. आणखी एक गोष्ट. सारखं जावं लागतं म्हणून त्यांनी पाणीच तोडलं होतं. त्यानं लघवी गडद होऊन आणखी झोंबते. पाणी वाढवलं, थोडं थोडं, दिवसभर.

आणि वही. किती वाजता गेलात, मापाच्या भांड्यात किती झाली, त्या वेळी दुखत होतं का. पहिल्या पानावर 60, 80, 70 मिलि असे आकडे होते. मूत्राशयात सहज 400 मावतात. लागली की लगेच पळायचं नाही, श्वास घेत दहा मिनिटं थांबायचं, मग पंधरा. माल संपवायचा म्हणून दाबून धरणं वेगळं, हे वेगळं. त्यात स्नायू आवळायचे नसतात. हा फरक त्यांच्या अंगात भिनायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला. तीन महिन्यांनी वहीत 250 दिसायला लागले, आणि रात्रीचं उठणं एकदा, कधी दोनदा.

कामाची बैठकही बदलली. मांडीऐवजी पाट आणि उशी, आणि दर तासाला मोबाईलचा गजर. गजर झाला की उठून दोन फेऱ्या मारायच्या, हातातलं पैंजण अर्धं राहिलं तरी.

दिवाळीच्या ऑर्डरी आल्या आणि दुखणं परत उसळलं. घाबरून फोन केला. "मॅडम, परत आलं. आता पिशवी काढावीच लागणार काय?" मी म्हटलं, नाही वहिनी, हे असं मधनंमधनं येणार, त्याला पिशवी जबाबदार नाही. गरम पाण्याची पिशवी घ्या, चहा बंद, बालासन, आणि उद्या दुपारी तीनला या.

"उद्या नगं," त्या म्हणाल्या. "माल परवा द्यायचाय. परवा येतो. तवर गजर लावूनच बसतो."