तीस सेकंदांची हलगी

फोनसोबत आयत्या मिळणाऱ्या रिंगटोनचा तोटा असा, की चहाच्या गाड्यावर एकाचा फोन वाजला की चौघेजण खिशाला हात घालतात. म्हणून गेल्या पावसाळ्यात मी आपली रिंगटोन आपणच करायची ठरवली आणि कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्त्यांच्या वेळी पुतण्याने मोबाइलवर टिपलेली हलगी आणि घुमके या चर्मवाद्यांची सहा मिनिटांची फाइल संगणकावर घेतली.

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर उघडले की आवाज डोळ्यांना दिसू लागतो. हलगीची प्रत्येक थाप काट्यासारखी उभी राहते आणि तिच्यामागे घुमक्याचा जाडसर फुगवटा येतो. कापायचे किती, हा प्रश्न सोपा होता, कारण न उचललेल्या कॉलसाठी मोबाइलची घंटी 30 सेकंद वाजावी, असे दूरसंचार नियामक ट्रायने 2019 मध्येच ठरवून दिले आहे. कोठे कापायचे, यात मात्र माझी संध्याकाळ गेली. लहर मधल्या शून्य रेषेला छेदते तिथेच कात्री चालवली नाही, तर सांध्यावर ‘टक्’ असा आवाज येतो. शिवाय रिंगटोन संपली की पुन्हा पहिल्यापासून वाजते, त्यामुळे शेवटची थाप पहिल्या थापेच्या मापातच पडावी लागते. गाण्याच्या तुकड्याला शेवटी आवाज हळूहळू विरवणे शोभते. हलगी अशी विरली तर पैलवान लढत अर्धी सोडून घरी निघाल्यासारखे वाटते. एवढे करूनही ताल अडखळत होता. एमपी3 करताना फाइलच्या सुरुवातीला किंचित शांतता चिकटते, हे त्यामागचे कारण होते. तोच तुकडा ऑग प्रकारात साठवला, केबलने फोनच्या ‘रिंगटोन्स’ या फोल्डरमध्ये टाकला आणि ताल सलग झाला. (आयफोनवाल्यांचे सोपस्कार निराळे.)

मोठ्या ऐटीत मी तो आबांसमोर वाजवला. तरुणपणी तालमीत घाम गाळलेले आबा डोळे मिटून ऐकत राहिले आणि म्हणाले, “हलगी झ्याक हाय. पण घुमकं कुठं गेलं रं?”

घुमके फाइलमध्ये होते, फोनमधून बाहेर येत नव्हते. नखाएवढ्या स्पीकरचा पडदा खर्जासाठी लागणारी हवा हलवू शकत नाही. हलगीचा कडकडीत, उंच आवाज तेवढा निसटून बाहेर पडतो. इक्वलायझरवर मी बरीच खटपट केली, पण खर्ज वाढवला की फोन नुसता घरघरायचा. शेवटी आबांच्या कानांवर मोठा हेडफोन चढवला, तो त्या फोनला जोडला आणि घरच्या दुसऱ्या फोनवरून कॉल लावला. आबांची मान डोलू लागली, उजवा तळहात मांडीवर पडू लागला आणि 30 सेकंद होताच सारे थांबले.

“का रं, बंद केलंस?” आबा म्हणाले. “लाव पुन्यांदा.”