आमची वाटचाल: ब्लाउजच्या मशीनपासून रिसेप्शनच्या कॉर्सेटपर्यंत

डोंबिवलीत जाऊबाई आणि मी घरातल्याच खोलीत ब्लाउज शिवायचो. तिथेच लक्षात यायला लागलं की ब्लाउज कितीही नीट बेतला तरी आतलं मापाचं नसेल तर खांद्याला चुण्या पडतात, पाठीत फुगतं आणि नाव खराब होतं शिवणारीचं. म्हणून मापाला येणाऱ्या प्रत्येकीला आधी विचारायला लागलो, लग्नात आतून काय घालणार आहेस? उत्तर ठरलेलं, जे आहे तेच.

तिथून आमचं ब्रा आणि आतल्या कपड्यांचं दुकान सुरू झालं. सासूबाईंना आधी पटलं नव्हतं, पण काउंटरला फक्त बायका आणि ट्रायल रूमला पडद्याऐवजी कडीचं दार हे बघितल्यावर त्याच शेजारणींना घेऊन यायला लागल्या. बाहेर सेल्समन नुसतं बघून चौतीस सांगतो आणि बाई लाजून पटकन पिशवीत टाकून निघते, हे आपण सगळ्यांनीच सोसलंय हो.

आमच्याकडे आधी टेप. छातीच्या खालून घट्ट, मग छातीवरून सैल, फरक एक इंच असेल तर कप ए, दोन बी, तीन सी, चार डी. आधार येतो तो खालच्या पट्ट्याने, खांद्यावर वळ उठत असतील तर बहुतेक वेळा पट्टाच सैल असतो. 36 बी (36 हा पट्टा, बी हा कप) पट्ट्यात सैल होत असेल तर आम्ही 34 सी घालायला देतो, कप तेवढाच असतो पण पट्टा अंगाला धरतो, आणि नवीन ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकावर नीट बसली पाहिजे म्हणजे पुढे इलास्टिक ताणलं की आतले हुक हाताशी राहतात.

2020 ला लग्नं थांबली तेव्हा आम्ही दोघी कॉर्सेट, म्हणजे काड्या घालून छाती-कमरेला घट्ट बसणारी चोळी, शिवायला शिकलो, कारण रिसेप्शनला गाऊन घालणाऱ्या मुली वाढल्या होत्या. खांद्याला पट्टे नसलेल्या गाऊनचं वजन कमरेने पेलायला हवं, त्यासाठी आतून कमरेला एक न ताणणारी पट्टी शिवून तिला वेगळे हुक लावायचे, नाहीतर नवरी स्टेजवर रात्रभर गाऊन वर ओढत बसते. कॉर्सेटमध्ये बाजूला आम्ही स्प्रिंगसारखी वळलेली स्टीलची काडी घालतो, ती सगळीकडे वाकते, आणि मागे आवळायच्या दोरीच्या छिद्रांशेजारी चपटी. स्वस्तातली प्लास्टिकची काडी अंगाच्या गरमीने मुडपते आणि तशीच राहते, मग तेच टोक बरगडीला टोचतं. आतलं अस्तर कॉटनचंच, मे महिन्यातल्या आपल्याकडच्या घामात सिलिकॉनचे चिकटवायचे कप तग धरत नाहीत.

ट्रायलला नवरीला नुसतं आरशासमोर उभं करत नाही. खाली बसायला लावतो, हार घालतात तसे हात वर करायला लावतो आणि मुख्य म्हणजे वाकून नमस्कार! रिसेप्शनला नातेवाईकांची रांग संपत नाही आणि प्रत्येक मोठ्या माणसाला वाकायचं असतं, काडी लांब असेल तर मांडीला रुतते, वरून सैल असेल तर गाऊन सुटतो. पोटभर श्वास घेता आला पाहिजे, चार घास जेवता आलं पाहिजे. दोन साइज लहान द्या म्हणणाऱ्या आयांना आम्ही स्पष्ट नाही म्हणतो, लहान शेपवेअर (अंग आवळून धरणारा आतला कपडा) वरून गुंडाळतं आणि साडीत वळी दिसते.

साडीखाली परकराऐवजी फिशकट, म्हणजे मांड्यांना घट्ट आणि खाली पसरणारं, शेपवेअर छान दिसतं पण जड पैठणीच्या निऱ्या नुसत्या इलास्टिकवर टिकत नाहीत, आत नाडी लागतेच, ती रुंद आणि बेताने बांधायची. 2024 मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी दोन वयस्कर बायकांच्या केसेस मेडिकल जर्नलमध्ये मांडल्या, वर्षानुवर्षं कमरेला घट्ट बांधून त्याच जागी कातडी घासत राहिली, जखम भरेना आणि शेवटी कॅन्सर निघाला. असं क्वचितच होतं, पण कमरेला काळा पट्टा पडलेल्या कितीतरी काकू आम्ही ट्रायल रूममध्ये रोज बघतो आणि त्यांना सांगितल्याशिवाय राहवत नाही, नाडी सैल करा, रोज थोडी वरखाली बांधा आणि जखम असेल तर आधी डॉक्टर.

आता मुली लग्नाच्या दोन-तीन महिने आधी येतात, आतलं ठरवतात, तेच घालून गाऊनचं आणि ब्लाउजचं माप देतात. शिवणारी दुसरी कोणी असली तरी चालतं, तिला द्यायला आम्ही माप लिहून देतो.