माऊ नावाचं फळ

आज उत्तर जपानमधल्या होक्काइदो बेटावर, अबाशिरी शहराजवळ कोशिमिझुला गेलो होतो. एका बाजूला ओखोत्स्क समुद्र, दुसऱ्या बाजूला तोफुत्सु तळं आणि मधल्या वाळूवर रानगुलाबाची काटेरी झुडपं. जपानीत हामानासू. १९७८ पासून होक्काइदोचं हे अधिकृत फूल! सप्टेंबरात फुलं तुरळकच, पण फळं? लालभडक, जरा चपटी. "अरे, टोमॅटोच की हे!" बायको म्हणाली.

तिथे तोडायला मनाई. पण मुक्कामाच्या घरच्या आजींच्या अंगणात हीच झुडपं होती. संध्याकाळी त्या जॅमसाठी फळं सोलत बसल्या, मीही मदतीला. फळ चिरायचं, आतल्या बिया नि बारीक केस खरवडून काढायचे, उरलेला गर साखरेत शिजवायचा. केसांचं त्यांनी बजावलं होतं. तरी मी त्याच हाताने मान पुसली आणि थेट कोकणातली खाजकुयली आठवली! आजी हसून हसून बेजार.

आयनू लोक, म्हणजे होक्काइदोचे मूळ रहिवासी, ही फळं पूर्वापार खात आलेत. त्यांच्या भाषेत फळाचं नाव 'माऊ'. आम्हा दोघांना मांजरच दिसायला लागलं.

जॅम आंबटगोड, किंचित तुरट. क जीवनसत्त्व भरपूर असतं म्हणे, शिजवल्यावर किती उरतं कोण जाणे. एक बाटली बॅगेत आली आहे. उद्या पोळीबरोबर.