टोल वाचतो, बाकी काही वाचत नाही: ऑक्टोबरमधली इटली, मोटरहोममधून

रावेन्नाहून मध्य इटलीतल्या उंब्रियात जायला मोटरहोम, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन ई-४५ या महामार्गावर चढू नका. पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. म्युनिकला भाड्याची गाडी ताब्यात देताना काउंटरवरच्या गृहस्थांनी नकाशावर बोट फिरवून सांगितलं होतं, "हा घ्या. टोल नाही, चौपदरी आहे, डोंगरातून जातो, सुंदर आहे." निघण्याआधी नेटवर वाचलं त्यातही हेच. यातला शब्द न् शब्द खरा आहे, आणि म्हणूनच राग जास्त येतो. टोल खरंच नाही. रस्ता चौपदरी खरंच आहे. डोंगर तर अप्रतिमच असतील, आमचं त्यांच्याकडे लक्षच गेलं नाही.

गाडी सात मीटर लांब, जवळजवळ तीन मीटर उंच, आरसे धरले तर अडीच मीटरपेक्षा रुंद. कागदोपत्री साडेतीन टनांच्या आत, म्हणून आपल्या साध्या कारच्या लायसन्सवर चालते. सोबत आरटीओतून काढलेलं आंतरराष्ट्रीय परमिट हवंच. हे सगळं तुम्हाला माहीत असेल असं धरून चालते. रोज सहा-सात तास बसून आणि मग डोंगरावरच्या गावात चढून पाय दुखत असतील तर इटलीत मोटरहोम घेऊच नका, ट्रेन उत्तम आहे.

तर ई-४५. रावेन्नापासून चेझेना, पेरुजा करत ओर्तेपर्यंत जाणारा सुमारे अडीचशे किलोमीटरचा रस्ता. चेझेनापर्यंत काही वाटत नाही. मग साव्हिओ नदीच्या खोऱ्यातून चढ सुरू होतो: मेर्कातो साराचेनो, सार्सिना, बान्यो दी रोमान्या, व्हेर्गेरेतो, आणि पलीकडे उतरून पिएव्हे सान्तो स्तेफानो. हा मधला तुकडाच वाईट. पूल, बोगदा, पूल, बोगदा, आणि पुलाच्या प्रत्येक सांध्यावर पुढची चाकं धाडकन, मग मागची धाडकन. मुंबई-गोवा महामार्गावर गणपतीच्या आधी गेलेल्यांना वेगळं सांगायला नको. फरक इतकाच की तिथे गाडीत स्वयंपाकघर नसतं.

मोटरहोमची डोक्यावरची कपाटं दाबायच्या बटणांनी बंद होतात. सार्सिनाच्या पुढे एका पुलावर मधल्या कपाटाचं बटण सुटलं आणि मिसळणाचा डबा खाली आला. झाकण घट्ट होतं म्हणून मोहरी, जिरं आतच राहिलं असं वाटत होतं, पण पुढच्या सांध्यावर तेही निघालं. हळद फिकट फरशीवर, हळद शेगडीच्या फटीत, हळद माझ्या बुटांच्या लेसमध्ये. कुकरची शिट्टी घरंगळत ड्रायव्हरच्या सीटकडे निघाली आणि नवरा ओरडला, "अगं, ब्रेकखाली जाईल ती, पकड!" पट्टा सोडून उठणं शक्य नव्हतं. शिट्टी सीटखालच्या खाचेत अडकली म्हणून निभावलं. थांबून आवरावं तर थांबायला कडेला जागाच नाही. पलीकडच्या दोन लेन दुरुस्तीसाठी बंद होत्या, त्यामुळे समोरून येणारे ट्रक आमच्याच बाजूला वळवलेले, मध्ये प्लॅस्टिकचे खुंट. पाऊस होता. बोगद्यात शिरलं की काच धुरकटायची, बाहेर पडलं की धुकं. वेगाच्या पाट्या ९० वरून ७०, ७० वरून ५० अशा झपाझप उतरतात, पण मागचा ट्रक काही उतरत नाही. आत शिरायचे रॅम्प इतके आखूड की बाजूने घुसणारी गाडी थेट तुमच्या दारातच येते.

नंतर चित्ता दी कास्तेल्लोला कॉफी पिताना कळलं ते असं: २०१९ च्या जानेवारीत याच रस्त्यावरचा पुलेतो नावाचा पूल धोकादायक म्हणून कोर्टाच्या आदेशाने सील झाला होता. रस्ता महिनाभर बंद राहिला आणि मग आधी फक्त हलक्या वाहनांसाठी उघडला. तेव्हापासून दुरुस्ती जोरात चालू आहे. काही तुकडे नवे, गुळगुळीत आहेत; तिथे जरा वेग घेतला की जुना तुकडा येतो. नवऱ्याचं मत वेगळं आहे. तो म्हणतो, ट्रक नसते तर रस्ता ठीकच होता. तो गाडी चालवत होता, हळद मी झाडत होते.

जायचंच असेल तर रविवारी सकाळी नऊनंतर जा. इटलीत साडेसात टनांवरच्या ट्रकना रविवारी बंदी असते, ऑक्टोबर ते मे सकाळी ९ ते रात्री १०. ही गोष्ट म्युनिकच्या काउंटरवर सांगायला दहा सेकंदं लागली असती. नाहीतर सरळ टोल भरा: रावेन्नाहून बोलोन्या, तिथून ए-१ ने फ्लोरेन्सच्या पुढे वाल्दिकियाना, आणि तिथून बिनटोलचा जोडरस्ता पेरुजाला. अंतर जवळजवळ दुप्पट आहे, ठाऊक आहे. तरी सांगते, भरा. बोलोन्या आणि फ्लोरेन्सच्या मध्ये ए-१ चे दोन फाटे होतात. २०१५ च्या शेवटी उघडलेला नवा घ्या, पाटीवर 'दिरेत्तिस्सिमा' लिहिलेलं असतं. 'पानोरामिका' म्हणजे जुना, वळणांचा.

टोलनाक्यावर पिवळ्या 'टेलेपास'च्या लेनमध्ये शिरू नका, ती यंत्र बसवलेल्या गाड्यांची. मोटरहोम बहुतेक 'बी' वर्गात जाते, कारण पुढच्या चाकांवरची उंची १.३० मीटरपेक्षा जास्त असते. कारपेक्षा थोडं जास्त पडतं, डोकं लावू नका.

डोकं लावायचं ते डिझेलला. इटलीत पंपावर दोन भाव असतात: स्वतः भरलंत तर एक, माणसाने भरून दिलं तर दुसरा, आणि फरक लिटरमागे वीस-पंचवीस सेंटसुद्धा असतो. बोर्डावर मोठ्या अक्षरात असतो तो स्वतः भरण्याचा भाव. ई-४५ वरून उतरून थकलेले आम्ही एका पंपावर लागलो, हसतमुख काकांनी नळी घेतली, काचही पुसली. सत्तर लिटर, पंधरा युरो जास्त. काच पुसल्याचे, असं मी म्हणते. नवरा म्हणतो भाव बोर्डावर होता. होता, खांबाच्या मागच्या बाजूला होता. म्हणून गाडी लावण्याआधी 'सेर्व्हितो' (माणूस भरून देतो) की 'सेल्फ' ते बघा आणि कोणी धावत आलं तर हात वर करून 'सेल्फ' म्हणा. दुपारी आणि रविवारी लहान पंपांवर माणूसच नसतो, मशीन असतं. ते कार्डावर शंभर युरो किंवा जास्त अडकवून ठेवतं आणि काही दिवसांनी सोडतं, म्हणून एकाच कार्डावर सगळी भिस्त ठेवू नका. डिझेल म्हणजे 'गासोलिओ'. 'बेंझिना' म्हणजे पेट्रोल.

गॅसचंही तसंच. आम्हाला दोन सिलिंडर दिले, दोन्ही भरलेले म्हणून. दुसरा जोडला तेव्हा कळलं की त्यात दोन वेळच्या डाळीपुरता गॅस आहे. जर्मन सिलिंडर इटलीत बदलून मिळत नाही. उन्हाळ्यात चालून जातं, ऑक्टोबरमध्ये रात्री हीटर त्याच गॅसवर चालतो. गाडी घेताना दोन्ही सिलिंडर हाताने उचलून बघा, काउंटरवाल्याच्या समोर, त्याने कितीही घड्याळाकडे बघितलं तरी.

म्युनिकहून इटलीत येतानाचं सगळं मजेत झालं. ऑस्ट्रियाच्या महामार्गांचा टोल-पास आधी घ्यायचा, ब्रेनर घाटाचा टोल त्याशिवाय वेगळा. गार्डा सरोवर छान आहे. व्हेरोना छान आहे. मांतोवा त्याहून छान आणि तिथे गर्दी नाही. पुढे.

शरद ऋतूबद्दल मात्र कोणी नीट लिहीत नाही. सिएनाजवळच्या वाल दोर्चाचे ते हिरवेगार लाटांसारखे डोंगर आणि सुरूच्या रांगा, ज्या प्रत्येक कॅलेंडरवर असतात, ते फोटो एप्रिल-मेचे. ऑक्टोबरमध्ये शेतं नांगरलेली असतात. सगळं तपकिरी. सिएनाच्या दक्षिणेला तर राखाडी चिकणमाती. मला ते रूप आवडलं, नवऱ्याला नाही. हिरवं हवं असेल तर वसंतात या, मला दोष देऊ नका. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. त्यानंतर पाचच्या सुमारास अंधार, म्हणजे मुक्कामाची जागा चारपर्यंत गाठलेली बरी. डोंगरातल्या अरुंद रस्त्यावर अंधारात ही गाडी मागे घेणं हा प्रकार एकदा पुरे.

कॅम्पिंगची बरीच ठिकाणं सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या मध्याला बंद होतात. नकाशावर दिसतात, दाराला साखळी असते. भरवसा ठेवायचा तो 'आरेआ दी सोस्ता'वर, म्हणजे मोटरहोम लावायचे नगरपालिकेचे किंवा खाजगी तळ. दहा ते वीस युरो, पाणी मिळतं, सांडपाणी आणि शौचालयाची टाकी रिकामी करायची सोय असते. मशीनला नाणी लागतात, एक आणि दोन युरोची साठवत राहा. शेतावरचे तळ फोटोत सुंदर दिसतात, पण पाऊस पडून गेल्यावर गवतावर गाडी लावू नका. पुढची चाकं ओढणारी गाडी ओल्या गवतात जागच्या जागी फिरत खड्डा खणते. आमच्या शेजारच्या डच जोडप्याला ट्रॅक्टरने बाहेर काढलं. खडीवरच लावा, दृश्य कमी दिसलं तरी.

शेतावर आणखी एक. रविवारी पहाटे गोळीबाराच्या आवाजाने जागे झालात तर घाबरू नका, शिकार चालते. सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून जानेवारीअखेर हंगाम असतो, आणि मंगळवार-शुक्रवारी शिकारीला बंदी. जंगलातल्या पायवाटांवर फिरायचं असेल तर हे दोन वार राखून ठेवा.

रस्त्याच्या कडेला रात्र काढता येते का, हे सगळेच विचारतात. वाहतूक कायद्याच्या १८५व्या कलमानुसार मोटरहोम फक्त चाकांवर उभी असेल, पाणी सांडत नसेल आणि स्वतःपेक्षा जास्त जागा अडवत नसेल तर ती नुसती उभी केलेली गाडी, कॅम्पिंग नव्हे. छत्री उघडली, खुर्च्या मांडल्या की कॅम्पिंग. तरी गावानुसार बंदीच्या पाट्या असतात, त्या पाळा. पाट्यांवरून आठवलं, लाल वर्तुळातली 'झेडटीएल' (मर्यादित वाहतुकीचा भाग) पाटी दिसली की जुन्या गावात गाडी न्यायची नाही. कॅमेरा नंबर टिपतो, दंड ८३ युरोपासून पुढे, आणि परदेशी माणसाला नोटीस पाठवायला त्यांच्याकडे ३६० दिवस असतात. भाड्याची कंपनी तुमचं नाव कळवण्याचे पैसे वेगळे घेते. फलकावर 'वार्को आत्तीवो' उजळलेलं असेल तर कॅमेरा चालू आहे. अमाल्फीच्या किनाऱ्याचा रस्ता दिवसभर मोटरहोमना बंदच असतो. सालेर्नोला गाडी ठेवून बोटीने जा, पण बोटी चालू आहेत का ते ऑक्टोबरमध्ये आधी विचारा.

पेरुजाला मात्र शहाणपणाने केलंय. पियान दी मास्सियानोला मोटरहोमचा तळ आहे, तिथून समोरच छोटी स्वयंचलित मिनीमेट्रो पकडली की थेट डोंगरावरच्या गावात. असं प्रत्येक डोंगरी गावाने करावं.

आणि ओर्व्हिएतो! इथे मी थोडी वाहवत जाणार, सांभाळून घ्या. रेल्वे स्टेशनाजवळच्या तळावर गाडी, तिथून फ्युनिक्युलरने, म्हणजे दोराने ओढल्या जाणाऱ्या डोंगररेल्वेने, वर, दोन मिनिटांत कड्यावर. पाऊस थांबला होता, कथीड्रलच्या दर्शनी भिंतीवरचं सोनेरी मोझेक ओलं चमकत होतं. सान पात्रित्सिओची विहीर बघा, १५२७ मध्ये रोम लुटलं गेल्यावर पळून आलेल्या पोपने वेढा पडला तर पाणी हवं म्हणून खणवलेली. पन्नासहून जास्त मीटर खोल, २४८ पायऱ्या, आणि दोन वेगळे जिने एकमेकांभोवती असे फिरवलेले की पाणी आणायला उतरणारं गाढव चढणाऱ्या गाढवाला कधी भेटायचंच नाही. ई-४५ ज्याने आखला त्याला इथे आणून उभं करावं. पाय दुखतात, वर येताना दम लागतो, तरी जा. संध्याकाळी एका लहान खाणावळीत हाताने वळलेले जाड उंब्रिचेल्ली, म्हणजे एक पास्ता, खाल्ले. बिलात 'कोपेर्तो'चे, म्हणजे टेबलावर बसण्याचे, माणशी दोन युरो होते. भांडले नाही. ओर्व्हिएतोला आणखी एक दिवस राहा, त्यासाठी सिएना गाळावं लागलं तरी गाळा. (सिएनाप्रेमींनी रागवू नये. आम्ही तिथे पावसात पार्किंग शोधत फिरलो, एवढंच बघितलं.)

परतीला लुक्का, मग ए-१५ ने चिसाच्या घाटातून पार्मा, आणि ब्रेनर. टोल भरला, डबा कपाटातच राहिला.

उशिरा जाणाऱ्यांसाठी दोन तारखा. १ नोव्हेंबरला सुट्टी असते, शेजारी शनिवार-रविवार आला तर सगळे इटालियन स्वतःच्या मोटरहोम घेऊन निघतात आणि चांगले तळ दुपारीच भरतात. आणि १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल, पाट्या लावलेल्या रस्त्यांवर हिवाळी टायर किंवा गाडीत साखळ्या सक्तीच्या. भाड्याच्या गाडीत त्या आपोआप येत नाहीत. बुकिंग करतानाच विचारा आणि लेखी घ्या.