लाइट लावली की जीप तापते

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या आमच्या गॅरेजात आलेली ती महिंद्राची एमएम ५४० जीप गगनबावड्याच्या बाजूची. १२ व्होल्टचं वायरिंग, प्यूजोचं २११२ सीसी डिझेल इंजिन आणि डॅशबोर्डवर कुणाकडून तरी करून घेतलेलं चार मीटरचं पॅनेल: ऑइल प्रेशर, टेंपरेचर, डिझेल, अँपिअर. मालकांची तक्रार एका वाक्यात होती. "मिस्त्री, लाइट लावली की गाडी तापतीया."

करूळ घाटात पावसाळी धुक्यात दिवसाही लाइट लागते. लावली की टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्यात, ऑइलचा खाली. मग गाडी बाजूला घ्यायची आणि बॉनेट उघडून बसायचं. त्यापायी रेडिएटरचं रॉडिंग (नळ्यांत सळ्या घालून सफाई) झालं होतं, वॉटर पंप नवा बसला होता आणि थर्मोस्टॅट तर काढूनच टाकलेला.

इंजिन चालू ठेवून स्विच दाबला. दोन्ही काटे त्याच क्षणी हलले, लाइट बंद करताच जागेवर आले. एवढं लोखंड आणि पाणी सेकंदात दहा-पंधरा डिग्री तापत नाही नि सेकंदात निवतही नाही. "काका, इंजिन ठीक आहे, अर्थ गेलाय," असं सांगून मल्टिमीटर काढला. अर्थ म्हणजे करंटची बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायची वाट. एक टोक पॅनेलच्या अर्थला, दुसरं इंजिन ब्लॉकला. लाइट बंद असताना ०.०४ व्होल्ट, लावल्यावर ०.५. हा आकडा ०.१ च्या आत हवा.

कारण असं. बॅटरीची निगेटिव्ह केबल इंजिनावर, टेंपरेचर नि प्रेशर मोजून मीटरला कळवणारे सेंडरही इंजिनावर. हेडलाइट आणि पॅनेलचा अर्थ मात्र बॉडीवर. बॉडी आणि इंजिन जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी हिरवी पडून तारा तुटल्या होत्या. दोन ५५ वॅटचे बल्ब नि पार्किंग लाइट मिळून साधारण १० अँपिअर त्या उरलेल्या तारांतून परतत होते. ०.०५ ओहमचा अडथळा असला तरी अर्धा व्होल्ट पडतो. तेवढ्याने मीटरला सेंडरचा रेझिस्टन्स कमी झाल्यासारखा दिसतो. टेंपरेचर सेंडरमध्ये रेझिस्टन्स कमी म्हणजे पाणी गरम. या जातीच्या ऑइल सेंडरमध्ये रेझिस्टन्स कमी म्हणजे प्रेशर कमी. दोन काटे उलट दिशांना का पळत होते ते इथे सुटतं.

नवी पट्टी टाकली. दोन्ही जागांचा रंग घासून चकचकीत लोखंड काढलं, स्टार वॉशर घातला, बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस लावलं.

पॅनेल मात्र नवंच करायचं ठरलं. जुना पत्रा पातळ होता, डिझेल इंजिनाच्या थरथरीने कापत होता, आणि मागे एकही फ्यूज नव्हता. ३ मिमी ॲल्युमिनियमची २९० बाय ९० ची पट्टी घेतली. ५२ मिमीचे मीटर, दोन केंद्रांत ६५ मिमी अंतर. याहून फार कमी धरलं तर रिंगा एकमेकींना टेकतात. होल सॉ, म्हणजे गोल भोक पाडायची करवत, कमी स्पीडवर, रॉकेलचा थेंब सोडत चालवायचा, नाहीतर ॲल्युमिनियम दातांना चिकटून भोक वाकडं येतं. रंग मॅट काळाच हवा. चकाकीचं प्रतिबिंब रात्री काचेत दिसतं. मीटरचा अर्थ पत्र्यातून घ्यायचाच नाही. सगळे अर्थ एकत्र करून २.५ चौरस मिमीची एक वायर थेट इंजिनाच्या बोल्टवर नेली. सप्लाय इग्निशनवरून ५ अँपिअरच्या फ्यूजमधून, वायर १ चौरस मिमी, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या (फायरवॉलच्या) भोकात वायर घासू नये म्हणून रबरी ग्रोमेट.

अँपिअर मीटर काढून व्होल्टमीटर बसवला. जुन्या पद्धतीत चार्जिंगचा जवळपास सगळा करंट डॅशबोर्डमागून फिरतो आणि एक नट ढिला झाला तरी वायर जळते. मात्र त्या मीटरच्या दोन जाड वायरी एकमेकींना पक्क्या जोडून झाकाव्याच लागतात, नाहीतर चार्जिंगच तुटतं.

ऑइल सेंडर नवा आणला, तो दुकानातच ओहमवर मोजून. आपला मीटर १० ते १८० ओहमचा. काउंटरवर आधी हातात आलेला सेंडर २४० दाखवत होता, म्हणजे २४० ते ३३ वाला, उलट्या चालीचा: प्रेशर वाढलं की रेझिस्टन्स कमी होणारा. तो बसवला असता तर बंद इंजिनालाही प्रेशर फुल दिसलं असतं, आणि हा दोष मला सगळ्यात घातक वाटतो. पितळी टी (तीन तोंडांचा जोड) लावून जुना वॉर्निंग लाइटचा स्विचही ठेवला. काट्याकडे लक्ष नसताना दिवाच वाचवतो. एक-वायरच्या सेंडरचा अर्थ आट्यांतूनच मिळतो, म्हणून टेफ्लॉन टेप गुंडाळली नाही.

टेंपरेचर सेंडर पातेल्यात थर्मामीटरसोबत उकळून पाहिला, वायरीने त्याची बॉडी इंजिनाला जोडून. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, त्यामुळे इथे पाणी ९८ डिग्रीलाच उकळतं. काट्याने १०० दाखवला असता तर तो दोन डिग्री पुढे आहे असं समजायचं.

संध्याकाळी थर्मोस्टॅट परत बसवून जीप चालवून आणली. हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं चालू असताना पॅनेल ते ब्लॉक ०.०३ व्होल्ट, व्होल्टमीटर १४ वर, टेंपरेचरचा काटा ८५ वर. मालकांनी स्वतः स्विच चार वेळा दाबून पाहिला.