मुंबईहून आक्षी: तिथी बघून गाठायचा पक्ष्यांचा किनारा

हिवाळ्यात मुंबईतले पक्षीवेडे शिवडी, भांडुप, ऐरोली नाहीतर उरण गाठतात. फ्लेमिंगो बघायचे तर ते बरोबरच आहे. ठाणे खाडीच्या अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर दर्जा (महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारी आंतरराष्ट्रीय मान्यता) मिळाला तो उगाच नाही. पण ऑयस्टरकॅचर आणि सँडरलिंगसारखे किनारी पक्षी खाडीच्या चिखलात क्वचितच भेटतात. त्यांना वाळू, शिंपले आणि मोकळा समुद्र लागतो. तो सगळा मेळ जमतो अलिबागच्या दक्षिणेला, साखरखाडी ओलांडली की लागणाऱ्या आक्षीच्या किनाऱ्यावर. या जानेवारीत तिथे जाऊन आलो. जे दिसलं ते आणि पुढे जाणाऱ्यांना उपयोगी पडेल ते, दोन्ही एकत्रच लिहितोय.

सगळ्यात आधी भरतीचं. आक्षीला ओहोटी लागली की पाणी खूप आत जातं आणि पक्षीही त्याच्यामागे जातात. अशा वेळी पोहोचलात तर दुर्बिणीतून नुसते ठिपके दिसतील. भरती चढताना मात्र तेच पक्षी पाण्याच्या रेषेबरोबर मागे सरकत तुमच्याकडे येतात. म्हणून पूर्ण भरतीच्या दोन-अडीच तास आधी जागेवर असायला हवं. कोकणातला जुना हिशोब इथे चोख चालतो: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, चतुर्दशीला साडेदहा. थोडा फरक पडतो, तेव्हा भरतीचं कोष्टकही बघून ठेवावं. माझ्या मते द्वादशी ते चतुर्दशी हे दिवस सर्वात उत्तम. सूर्य वर येतो तेव्हा पाणी चढत असतं, उधाण जवळ आल्याने ते बरंच वरपर्यंत येतं, आणि किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सकाळचं ऊन तुमच्या पाठीशी, थेट पक्ष्यांवर पडतं. संध्याकाळी तीच जागा निरुपयोगी. समोर सूर्य आणि पक्ष्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या.

आम्ही त्रयोदशी धरली होती. सुरूच्या बनातून पुळणीवर उतरलो तेव्हा उत्तरेला कुलाबा किल्ला धुक्यात अर्धाच दिसत होता. जाळं आवरत बसलेल्या एका काकांनी विचारलं, "पक्षी बघायला आलाव? मग तिकडं खाडीच्या तोंडाशी जावा. आज तेरस, पावणेदहाला पाणी भरंल." पाणी भरलंही त्याच सुमाराला.

खाडीच्या तोंडाशी वाळू आणि गाळ एकमेकांत मिसळतात, शिंपल्यांचे थर उघडे पडतात. ऑयस्टरकॅचर तिथेच होते, एका लहानशा टोळीत. काळा-पांढरा भरदार पक्षी, लालभडक लांब चोच, लाल डोळा, गुलाबी पाय. एकदा दिसला की ओळखायला पुस्तक लागत नाही. हिवाळ्यात गळ्यावर पांढरी पट्टी असते, तीही स्पष्ट दिसली. त्यातला एक बराच वेळ स्कोपमध्ये (स्टँडवर लावायच्या एकनळी दुर्बिणीत) होता. शिंपल्याची फट सापडली की चोचीचं टोक आडवं सारायचा, मान पिळायचा आणि आतला मऊ गोळा ओढून काढायचा. मग रिकामा शिंपला तिथेच टाकून दोन पावलं पुढे. मुंबईच्या खाड्यांमध्ये हा पक्षी दिसला तर ती बातमी होते. आक्षीला हिवाळ्यात तो भेटण्याची शक्यता खूपच जास्त.

पाणी आणखी चढलं तसे छोटे पक्षी कोरड्या वाळूच्या पट्ट्यावर गोळा व्हायला लागले. इथून पुढचा तास खरा महत्त्वाचा. थव्यात बहुतेक सँड प्लोव्हर असतात (छोटे सँड प्लोव्हर आता दोन जातींत विभागले गेलेत, आपल्याकडचे तिबेटी म्हणून नोंदवायचे), त्यांच्यात केंटिश प्लोव्हर, टर्नस्टोन, ग्रे प्लोव्हर. कंटाळा न करता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक पक्षी बघत जायचा. दुर्मिळ पक्षी या नेहमीच्या गर्दीतच उभा असतो. आम्हाला ग्रेट नॉट हा दुर्मिळ किनारी पक्षी असाच मिळाला. ग्रे प्लोव्हरच्या शेजारी जवळपास तेवढ्याच उंचीचा, पण चोच बरीच लांब, टोकाशी किंचित खाली झुकलेली, आणि छातीवर करड्या ठिपक्यांची दाटी. चोच पाठीत खुपसून झोपला होता, त्यामुळे ती दिसेपर्यंत खात्री करता येईना. कुत्रं भुंकल्यावर त्याने मान वर केली आणि प्रश्न मिटला. ईशान्य सायबेरियात वीण करणारा हा पक्षी जागतिक लाल यादीत संकटग्रस्त आहे. त्याच्या प्रवासातले पीत समुद्रालगतचे (चीन आणि कोरियाच्या मधला समुद्र) विसाव्याचे चिखलपट्टे बांध घालून भरले गेले, विशेषतः दक्षिण कोरियातल्या सेमांगुमचे, आणि संख्या झपाट्याने घसरली. आपल्या रायगडातल्या वाळूवर तो निवांत झोपलेला बघून मला फार बरं वाटलं.

सँडरलिंग लाटेच्या काठावर पळत होते. पांढुरके, खांद्यापाशी काळसर डाग. कुरवांमध्ये (म्हणजे गल) ह्युग्लिन्स गल भरपूर, आणि एक पॅलास गल, डोक्यावर काळा रंग चढायला सुरुवात झालेला. सुरयांचा (म्हणजे टर्नचा) थवा वेगळा बसला होता. त्यांच्या चोचींकडे बघा: नारिंगी असेल तर लेसर क्रेस्टेड, पिवळी असेल तर ग्रेटर क्रेस्टेड, काळी आणि टोक पिवळं असेल तर सँडविच.

एक कळकळीची विनंती. भरतीच्या वेळी हे पक्षी विश्रांती घेत असतात. फोटोसाठी थवा उडवू नका. माना ताणून सगळे एकाच दिशेला बघायला लागले की थांबा, खाली बसा. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला परतीसाठी अंगात चरबी साठवायची असते, आणि प्रत्येक उड्डाणाला ती खर्च होते. पुळणीवर गाडी तर अजिबात नेऊ नका. शनिवार-रविवारी नागावच्या बाजूने गर्दी आणि वॉटर स्पोर्ट्सचा गोंगाट असतो, म्हणून मधला वार निवडा.

जायचं कसं? गेटवेहून मांडव्याची लाँच, तिथून अलिबागची बस. बसचं भाडं बहुधा लाँचच्या तिकिटातच असतं. स्वतःची गाडी न्यायची तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट आहे. वडखळमार्गे रस्त्याने येणार असाल तर वाहतूक कोंडीसाठी हाताशी वेळ ठेवा. अलिबाग स्टँडवरून रेवदंड्याकडे जाणारी कोणतीही एसटी आक्षीला सोडते, रिक्षाही मिळते. पण पहिल्या लाँचने निघूनही सकाळची चढती भरती हुकते, तेव्हा आदल्या रात्री आक्षी-नागावला मुक्काम करा. घरगुती खोल्या पुष्कळ आहेत. स्कोप असेल तर जरूर न्या. चिखलात जाणारी चप्पल, टोपी आणि पाणी हवंच, किनाऱ्यावर सावली फक्त सुरूखाली आहे.

भरती पूर्ण झाल्यावर वेळ उरला तर गावातला शिलालेख बघून या. शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा हा लेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो.

आणि पक्ष्यांचे पाय नीट बघा. पायात रंगीत पट्टी किंवा कडं दिसलं तर रंग, डावा की उजवा पाय, गुडघ्याच्या वर की खाली आणि वाचता आली तर अक्षरं लिहून घ्या, फोटो काढा आणि मुंबईच्या बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) कळवा. पट्टी अर्धवट वाचली गेली तरी कळवा, रंगांच्या जोडीवरूनही पक्ष्याला कुठल्या देशात पट्टी घातली ते बहुतेक वेळा समजतं.