लग्नामुळे नाही, लेकीमुळेही नाही

"हल्ली गेम खेळत नाहीस का गं?" हे मला दोन प्रकारची माणसं विचारतात, आणि दोघांनाही उत्तर आधीच ठाऊक असतं. एक म्हणजे नात्यातल्या बायका. मावशी, आत्या, सांगलीच्या घराशेजारच्या काकू. त्यांचा सूर असा, की बरं झालं, लागली एकदाची संसाराला. दुसऱ्या माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी आणि ऑफिसातल्या माझ्याहून लहान मुली. त्यांच्या आवाजात कीव असते. लग्न झालं, मूल झालं, हिचंही शेवटी तेच झालं. आजवर मी दोघींनाही "वेळ कुठे मिळतो" म्हणून वाटेला लावत आले. आता तुम्हीही तेच विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगते.

वेळ मिळतो. लेक रात्री लवकर झोपते, नवरा ओटा आवरतो, आणि त्यानंतरचा वेळ माझा असतो. त्या वेळात मी वाचते, क्रोशाचं विणकाम घेऊन बसते, काहीच न करता गॅलरीत बसते. गेम खेळत नाही, कारण खेळावंसं वाटत नाही. कुणी मला थांबवलेलं नाही. नेमकं हेच कुणाला ऐकायचं नसतं.

मला हे इतकं का लागतं, त्याला कारण आहे. आमच्या घरी टीव्हीला जोडायचा गेम आला तो भावाच्या मुंजीत, मामाकडून. त्याला दोन रिमोट होते, आणि दुसऱ्या रिमोटला स्टार्टचं बटणच नव्हतं. ज्यांनी ते स्वस्तातले चायनीज संच वापरले असतील त्यांना आठवेल, कित्येकांचा दुसरा रिमोट तसाच असायचा. मूळ जपानी संचातच तो तसा होता. साहजिकच दुसरा रिमोट माझा. गेम सुरू करायचा भावाने, थांबवायचा भावाने, कॅसेट बदलायची भावाने. मी पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचे, टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करायचे आणि पहिला रिमोट हातात घेऊन एकटी 'कॉन्ट्रा' खेळायचे, उड्या मारत, गोळ्या झाडत पुढे जायचा तो गेम. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. बटणं या क्रमाने दाबली की तीस जीव. आईच्या चहाचं आधण उकळेपर्यंत ते पुरवायचे.

पुढे कराडला इंजिनिअरिंगला गेले. मुलांच्या हॉस्टेलवर रात्र रात्र लॅनवर, म्हणजे कॉम्प्युटर केबलने एकमेकांना जोडून, गेम चालायचे. आमच्या हॉस्टेलचं दार दिवेलागणीला बंद व्हायचं. मग आम्ही तिघी-चौघींनी आमच्याच मजल्यावर लॅन टाकलं. केबलच्या टोकाला पिन बसवायचं क्रिम्पिंग टूल एका सीनियरकडून उसनं आणलं, आणि जिन्यात बसून मी केबलच्या तारा लावल्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हा क्रम मला आजही झोपेतून उठवून विचारा. पहिल्या काही पिना वाया गेल्या. मग केबली जोडायच्या नेटवर्क स्विचवरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला आणि आम्ही कॉरिडॉरमध्ये ओरडलो. व्हेंटिलेटरमधून केबली टाकून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत 'एज ऑफ एम्पायर्स २' हा गाव वसवून सैन्य लढवायचा गेम सुरू झाला. नोकरी लागल्यावर ऑनलाइन खेळायला लागले तेव्हा नाव पुरुषाचं वाटेल असं घेतलं आणि माइक कायम बंद ठेवला, कारण आवाज ऐकला की समोरचे काय काय बोलतात ते एकदा अनुभवलं होतं.

म्हणजे खेळणं मला फुकट मिळालेलं नव्हतं, मी ते ओढून घेतलं होतं. म्हणून "लग्नाने सुटलं" असं कुणी म्हटलं की वाटतं, मिळवण्याचं श्रेय तर कुणी दिलंच नाही, आता सोडण्याचंही माझं राहू देत नाहीत.

आता २०२१ च्या दिवाळीबद्दल सांगते. याबद्दल मी फारशी बोललेले नाही.

'एज ऑफ एम्पायर्स ४' त्या वर्षी २८ ऑक्टोबरला आला. तिसरा भाग २००५ चा, म्हणजे मधे सोळा वर्षं गेली होती. ज्यांच्याबरोबर लॅन टाकलं त्या मैत्रिणींमध्ये "चौथा येणार का" हा प्रश्न नोकऱ्या, लग्नं, बाळंतपणं या सगळ्यांतून वाहत आलेला. माझ्या नवऱ्याला स्वतःला गेममध्ये रस नाही, पण माझी वाट बघणं त्याने पाहिलं होतं. त्याने माझ्या वाढदिवसाला कॉम्प्युटरसाठी नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं. ते वर्ष चिप्सच्या तुटवड्याचं होतं, त्यात क्रिप्टोवाल्यांनी कार्डं उचललेली. छापील किमतीच्या कितीतरी वर भाव चालले होते. त्याने चौकशा करून, उन्हातान्हात दुकानं हिंडून ते आणलं. आणि भाऊबीज झाल्यावर लेकीला घेऊन तो गावी देवरुखला गेला. "तू एकटी राहा. मनसोक्त खेळ. आम्ही फोनसुद्धा करणार नाही," म्हणाला.

घरात फराळाचे डबे होते, फोन शांत होता, आणि मी दुपारीच खुर्चीत बसले. पहिली मोहीम नॉर्मन लोकांची, १०६६ ची हेस्टिंग्जची लढाई. आजच्या इंग्लंडची खरीखुरी शेतं वरून चित्रित केलेली, त्यांवर सोनेरी रेषांचे सैनिक उमटतात. अंगावर काटा आला, हे खोटं कशाला सांगू? मोहिमांच्या मधे छोट्या माहितीफिती येतात: दगड फेकणारी यंत्रं कशी बांधायचे, साखळीचं चिलखत कसं विणायचे. संध्याकाळपर्यंत माझ्या लक्षात आलं की मी लढाई उरकतेय, पुढची फीत बघायला मिळावी म्हणून. तेव्हा मनाला समजावलं की मोहीम हा काही माझा प्रांत नाही, माझा खरा खेळ म्हणजे मोकळी लढाई, गोष्ट नसलेली, शून्यातून गाव उभारून लढायची.

दुसऱ्या दिवशी मोकळी लढाई लावली. माझी बाजू म्हणून दिल्ली सल्तनत घेतली. सहा गावकरी, एक टेहळ्या घोडेस्वार, गावाजवळ मेंढ्या. हात सगळं विसरलेले नव्हते. नवे गावकरी तयार होण्याची रांग एकदाही तुटू दिली नाही, लाकडावर किती, सोन्यावर किती, हे डोळे आपोआप मोजत होते. मग शत्रूचे घोडेस्वार माझ्या लाकूडतोड्यांवर आले.

हॉस्टेलमध्ये हा क्षण आला की माझं काळीज तोंडाशी यायचं. मी किंचाळायचे, पलीकडच्या खोलीतून हल्ला करणारी हसायची, आणि मी रागाने थरथरत गावकऱ्यांना इमारतीच्या आत कोंबायचे. त्या दिवशी मी पाहिलं, की माझी माणसं एकेक करून पडतायत. आणि मनात एवढंच आलं: आता परत पन्नास-पन्नास अन्न खर्चून ही सगळी काढायला लागणार. बस. जणू भांडी परत घासायला लागणार. मी त्यांना आत घेतलं, पुन्हा उभी राहिले, लढाई जिंकलेसुद्धा. जिंकल्यावर आलेखांचं पान येतं, कुठल्या मिनिटाला कुणाचं सैन्य किती होतं ते. हॉस्टेलमध्ये आम्ही त्या पानावर तासभर वाद घालायचो. मी ते पान पाहिलं आणि बंद केलं. पुन्हा एक डाव लावला, मधेच सोडला. जुने डाव लावून पाहिले, दुसरा भाग लावून पाहिला. 'कॉन्ट्रा'सुद्धा लावून पाहिला. रात्री मी जमिनीवर बसून रडले. सोबत खेळणाऱ्या मैत्रिणी कुठे गेल्या नव्हत्या, मशीन बिघडलं नव्हतं, वेळ होता, घर रिकामं होतं, आणि मला हे नको होतं.

नवरा परत आला तो दारातूनच विचारत, "किती झालं? संपवलास का?" मी खरं सांगितलं. "नाही रे आवडत आता." त्याचा चेहरा असा पडला की मला तो अजून दिसतो. म्हणाला, "आम्ही लवकर आलो का? अजून दोन दिवस राहिलो असतो." आणि मग हळूच, "माझ्याकडून काही कमी पडलं का?"

त्यानंतर कितीतरी महिने तो चांगुलपणाने माझ्या मागे लागला. रात्रीचा ओटा त्याने स्वतःकडे घेतला तो तेव्हापासून. लेकीला झोपवायचं काम घेतलं. शनिवारी सकाळी तिला बागेत न्यायला लागला. "आता खेळ ना," म्हणायचा. एका रात्री मी त्याच्यावर ओरडले. म्हटलं, मला मदत नकोय, सवड नकोय, परवानगी तर कधीच नको होती. माझं काहीतरी गेलंय आणि मला त्याचा दुखवटा पाळू दे. तो गप्प झाला. त्याची समजूत पटली की तो नुसता थांबला, हे मला आजही सांगता येणार नाही.

मंडळी कारणं पुरवतात. एक धाकटा सहकारी म्हणाला, वय झालं की हात मंदावतात, संशोधन आहे. आहे खरं. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाने 'स्टारक्राफ्ट २' हा असाच सैन्य लढवायचा गेम खेळणाऱ्या १६ ते ४४ वयाच्या ३,३०५ खेळाडूंच्या डावांची नोंद तपासली होती. २०१४ साली ते प्रसिद्ध झालं. परिस्थिती बदलल्यावर कृती करायला लागणारा वेळ चोविसाव्या वर्षापासूनच वाढायला लागतो, असं त्यात दिसलं. पण त्याच अभ्यासात हेही आहे की मोठ्या वयाचे खेळाडू ती कसर दुसऱ्या मार्गाने भरून काढतात, सोप्या युक्त्या वापरून, हुशारीने. आणि माझा प्रश्न हातांचा नव्हताच. हात जिंकले होते.

दुसरं कारण, गेमच बिघडले. रोज हजेरी लावा, रोजची कामं करा, हंगाम संपायच्या आत पास पुरा करा. फोनवरच्या गेमांबद्दल हे शंभर टक्के खरं आहे आणि मला त्याचा संताप येतो. पण मी ज्याच्यापाशी हरले तो गेम तसा नव्हता. मेहनतीने, प्रेमाने केलेला होता.

आता एक गोष्ट, जी मी नवऱ्यालाही सांगितलेली नाही. लेक झाल्यापासून मी हेडफोन लावते तेव्हा उजवा कान मोकळा ठेवते. ती रडली, खोकली, पडली तर ऐकू यावं म्हणून. त्या दिवाळीत, ती देवरुखला असताना, घरात मी एकटी असताना, दुसऱ्या संध्याकाळी सहज हात वर गेला आणि कळलं की उजवा कान मोकळाच आहे.

मग मावशी म्हणते तेच खरं? मैत्रिणी म्हणतात तेच? लेकीने माझा एक कान घेतला आणि त्या कानाबरोबर खेळ गेला? मी हे पुष्कळ उलटसुलट करून पाहिलंय. पण मग पुस्तकात मी आजही बुडते. दुधाचं पातेलं करपेपर्यंत बुडते. तिथे हा कान आड येत नाही. म्हणून नाही, मी मानत नाही. आणि तरी तो कान मोकळा होता, हेही खरं.

हॉस्टेलच्या जिन्यात तारा लावणारी मी मला आज भेटली तर वेगळंच विचारेल. म्हणेल, दार बंद होतं म्हणून तर तुला ते हवं होतं. भांडण संपलं, सगळ्यांनी खुर्ची पुढे केली, नवऱ्याने कार्ड आणून दिलं, आणि तुझी हौस संपली. तुला खेळ आवडत नव्हता, भांडण आवडत होतं. हे मात्र मी तिच्याकडून ऐकून घेणार नाही. पहाटे आवाज बंद करून खेळताना मला बघणारं कुणी नव्हतं. मी कुणाला काही दाखवत नव्हते. 'कॉन्ट्रा'च्या धबधब्याच्या टप्प्यात वर चढताना, उडी बरोबर बसली की पोटात जे व्हायचं ते भांडणाचं नव्हतं, त्या उडीचं होतं. ती यावर म्हणेल, पण पहिला रिमोट हातात होता ना? आणि तिथे मी अडते. होता. तो हातात असण्याचा आनंद वेगळा काढून बाजूला ठेवता आला असता तर बरं झालं असतं.

आणि मी बघते अजून. २०२२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या किल्ल्यात 'एज ऑफ एम्पायर्स'ची मोठी स्पर्धा झाली, खऱ्या दगडी भिंतींच्या आत खेळाडू कॉम्प्युटरसमोर बसलेले. मी ती रात्री जागून पाहिली. कुणी शिकारीसाठी रानडुकराला बाण मारून टाउन सेंटरकडे, गावाच्या मुख्य इमारतीकडे, पळवत आणलं की माझी बोटं टेबलावर हलतात. दुसऱ्या कुणाची माणसं मरताना मला आजही वाईट वाटतं. माझी मरताना वाटत नाही. हे कसं, ते मला उलगडलेलं नाही आणि उलगडल्याचा आव आणणार नाही.

मध्यंतरी नवऱ्याने विचारलं, कार्डाला अजून बरी किंमत येईल, विकूया का? मी नाही म्हटलं. त्याचा चेहरा लगेच उजळला, आणि मला त्याला सांगावं लागलं की तसं काही नाही. तुम्हालाही सांगते. कार्ड घरात आहे यावरून मी परत खेळायला लागेन असा अर्थ काढू नका, आणि मी खेळत नाही यावरून मला कुणी अडवलं असाही काढू नका.